प्रयोगशाळेतली जपानी दुर्बीण
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बोटीवरच्या तीस वर्षांचे अनुभव सांग, असा त्यांचा आग्रह होता. पण ते अनुभव ऐकायला आता माझ्या घरचेसुद्धा तयार नसतात, तेव्हा तुम्हाला तो त्रास देत नाही. मी आज या टेबलावरच्या वस्तूबद्दल बोलणार आहे. पुढच्या रांगेतल्यांनी ती ओळखली असेल. आपल्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात, सांगाड्याच्या शेजारच्या फळीवर, तपकिरी चामड्याच्या पेटीत असायची ती ही दुर्बीण. आणि तिच्याबद्दल बोलायचं तर मला एक कबुलीही द्यावी लागणार आहे. ती मी एका माणसाकडे केव्हाच दिली, पण तुम्हा सगळ्यांसमोर दिलेली नाही.

आधी दुर्बिणीची ओळख करून देतो, कारण पाच वर्षं आपण ती पाहिली, पण ती काय चीज आहे हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ती दिली होती. तेही बोटीवर होते, आपल्या आधीच्या पिढीतले. जपानच्या बंदरातून घेतली आणि गावी येताना शाळेला देऊन टाकली. हिच्या मागच्या पत्र्यावर कोरलंय बघा, ७ गुणिले ५०. पहिला आकडा म्हणजे वस्तू सातपट जवळ दिसते. दुसरा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, ५० मिलिमीटर. ५० ला ७ ने भागा, सात मिलिमीटर येतात. तेवढ्या जाडीचा उजेडाचा झोत मागच्या भिंगातून बाहेर पडतो. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते. म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला बोटीवर सगळीकडे ७ गुणिले ५० हीच दुर्बीण असते. आता आपल्या वयात बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडली तरी नशीब. म्हणजे हिने गोळा केलेला बराचसा उजेड आपल्याला उपयोगाचा नाही. आठवीतल्या मुलाला मात्र तो सगळाच्या सगळा मिळतो. हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी अजून थोडा वेळ पाहून घेतलं असतं.

शेजारी तीन अक्षरं आहेत, झेड. सी. एफ. मला वाटायचं हे कंपनीचं नाव. तसं नाही. झेड म्हणजे झाइस पद्धतीची घडण. जर्मनीच्या झाइस कारखान्याने १८९४ मध्ये प्रिझमच्या दुर्बिणी बाजारात आणल्या, त्यांत पुढच्या नळ्या वेगळ्या करून मुख्य पेटीवर आट्यांनी बसवलेल्या असत. अमेरिकेच्या बॉश अँड लोम्बने पुढे अख्खं अंग एकसंध ओतलं. जपान्यांनी दोन्ही प्रकार केले आणि ग्राहकाला कळावं म्हणून प्रकार दुर्बिणीवरच लिहिला. सी. एफ. म्हणजे मधल्या चाकाने दोन्ही डोळ्यांचं एकदम जुळवायची सोय. आत प्रिझमच्या जोड्या आहेत, त्यांची कल्पना पोरो नावाच्या इटालियन माणसाची, १८५४ सालची. प्रिझम नसते तर आपल्याला सगळं उलटं दिसलं असतं, आणि दुर्बीण हातभर लांब झाली असती.

आता जपानचं. ही मंडळी मुळात कोणाकडून शिकली? फुजी नावाच्या दोन भावांनी १९११ मध्ये 'व्हिक्टर' नावाची प्रिझमची दुर्बीण काढली, जपानी बनावटीची पहिली. १९१७ मध्ये निप्पॉन कोगाकू स्थापन झाली, आज आपण जिला निकॉन म्हणतो ती. फुजी बंधूंचा कारखाना तिच्यातच सामील झाला. १९२१ मध्ये तिने जर्मनीहून आठ तंत्रज्ञ बोलावून घेतले आणि त्याच वर्षी 'मिक्रॉन' ही तळहातावर मावेल एवढी दुर्बीण बाजारात आणली. १९३२ मध्ये तोक्यो कोगाकू निघाली, आजची टॉपकॉन. तिचा कारखाना तोक्योच्या इताबाशी भागात. त्या काळी म्हणत, जमिनीवर तोक्यो कोगाकू आणि समुद्रावर निप्पॉन कोगाकू, कारण एक सैन्याला माल पुरवी आणि दुसरी नौदलाला.

मग युद्ध हरले. सैन्य गेलं, नौदल गेलं. भिंगं घासणारे, प्रिझम बसवणारे, पितळेच्या कड्या कातणारे हजारो हात रिकामे झाले. त्या हातांनी काय करायचं? तर सैन्याच्या दुर्बिणीऐवजी सहलीची दुर्बीण. इताबाशीच्या गल्ल्यागल्ल्यांतून छोटे कारखाने उभे राहिले. एका घरी भिंग, दुसऱ्या घरी प्रिझम, तिसऱ्या घरी जोडणी. आपल्याकडे एकेका आळीत एकेक काम चालतं तसंच. १९४७ ते १९५२ या काळातल्या दुर्बिणींवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं कोरलेलं सापडतं. परक्याच्या ताब्यातल्या देशाने आपल्या मालावर तसं लिहायचं आणि तो माल जिंकणाऱ्याच्या देशात विकायचा. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा दुर्बीण खाली ठेवली होती, हे सांगतो.

१९४९ ते १९७१ डॉलरचा भाव ३६० येनला बांधलेला होता. त्यामुळे जपानी दुर्बीण अमेरिकेत स्वस्त पडे. बुशनेल, टास्को, स्विफ्ट ही नावं तुम्ही ऐकली असतील. ती अमेरिकेतल्या विकणाऱ्यांची, बनवणारे जपानी. नाव इतकं स्वस्त झालं की 'जपानी माल' म्हणजे तकलादू, अशी समजूत सगळीकडे पसरली. आपल्याकडेही होतीच. त्यावर उपाय म्हणून त्यांनी निर्यातीआधी तपासणी सक्तीची केली. तपासणी संस्थेची एक सोनेरी लंबगोल चकती चिकटवत, तिच्यावर 'पास्ड'. हिच्या बिजागरीजवळ अर्धी चकती अजून शिल्लक आहे, हात लावू नका, निघेल. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत जे. बी. आणि पुढे एक आकडा असतो. वरचं नाव काहीही असो, खरा कारखाना कोणता ते त्या आकड्यावरून कळतं. जुन्या दुर्बिणी जमवणारे लोक आधी दुर्बीण उलटी करतात आणि हा आकडा वाचतात. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर आडनावाच्या आधी मूळ गाव विचारतात, त्यातलाच प्रकार.

१९८५ नंतर येन एकदम महागला आणि स्वस्त दुर्बिणींचा धंदा जपानबाहेर गेला. म्हणून मला विचाराल तर साधारण १९५० ते १९८५ च्या मधली जपानी दुर्बीण घ्यावी. पितळ, अल्युमिनियम आणि काच. प्लास्टिक जवळजवळ नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे स्क्रू आहेत, डिंकाने चिकटवलेलं फारसं नाही. जे स्क्रूने बसवलंय ते उघडता येतं. उघडता येतं हीच तिची खुबी आणि, आता कळेल, हाच धोका.

आता आपल्या सरांकडे येतो. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. प्रयोगशाळा म्हटली की तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो, पांढरा लेंगा आणि खिशाला लाल शाईचा डाग.

१६ फेब्रुवारी १९८० आठवतं? सूर्यग्रहण. खग्रास पट्टा खाली अंकोला, हुबळी, रायचूरकडून जात होता. आपल्याकडे खग्रास नव्हतं, पण सूर्याची जेमतेम कोर उरणार होती. गाव घरात कोंडून बसलेलं. माझी आजी उंबऱ्यात आडवी बसली होती, "गिराण लागलाहा, भायर जाव नको." मी मागच्या दाराने निघालो. शाळेत आम्ही जेमतेम अकरा पोरं होतो. सरांनी दुर्बीण एका स्टुलावर बांधली, एका बाजूला टोपण लावलं आणि दुसऱ्या नळीतून आलेलं सूर्याचं चित्र मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं. ताटलीएवढा सूर्य, आणि त्याला हळूहळू लागत जाणारा घास. दर अर्ध्या मिनिटाने सर पुढच्या भिंगावर वही आडवी धरत. का ते आता कळतं, आतली भिंगं तापून त्यांच्यातला जोड सुटतो. आणि स्टुलाच्या भोवती खडूने गोल काढला होता, त्याच्या आत पाऊल टाकील त्याला पट्टी. दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षण जरी पाहिलं तरी डोळा जातो. इथे आज नातवंडं आली आहेत, म्हणून हे पुन्हा सांगतो.

त्यानंतर आठवडाभराने मी ती पाडली.

मधल्या सुट्टीत कपाट उघडं होतं. मला चर्चच्या मनोऱ्यावरची घंटा बघायची होती, इतकंच. पट्टा गळ्यात घातला नव्हता. शहाबादी फरशीवर आवाज झाला तो अजून कानात आहे. उचलून पाहिली. काच फुटली नव्हती, नुसता एका नळीच्या कडेला पोचा. डोळ्याला लावून पाहिली, सगळं दिसत होतं. पेटीत ठेवली, कपाट लावलं आणि खाली कबड्डी खेळायला गेलो.

काय झालं होतं ते सांगतो. प्रत्येक नळीत दोन प्रिझम असतात, एका खाचेत बसवलेले आणि वरून पत्र्याच्या पट्टीने दाबलेले. धक्क्याने एक प्रिझम खाचेतून केसभर सरकला. त्यामुळे दोन नळ्यांचे रोख एक राहिले नाहीत. रोख फार फिरला तर एकाचे दोन दिसतात आणि कोणालाही कळतं. थोडा फिरला तर डोळे स्वतःच आपापल्या जागी वळून दोन चित्रं एक करून घेतात. तरुण डोळे हे सहज करतात, त्यांना पत्ताही लागत नाही. पन्नाशीच्या डोळ्यांना ते जमत नाही. मग डोळ्यांतून पाणी, कपाळ दुखणं, मळमळ.

पुढच्या आकाशदर्शनाला सरांनी गुरूचे चंद्र लावले. आम्ही रांगेने पाहिले. सरांनी पाहिलं आणि डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. आम्हाला विचारलं, "नीट दिसतंय ना रे?" आम्ही सगळे म्हणालो, "हो सर." ते खरंच होतं! बाकीच्यांना नीटच दिसत होतं. मलाही नीट दिसत होतं. फक्त मला माहीत होतं.

सरांनी त्याचा अर्थ असा लावला की आपले डोळे गेले. त्या वर्षी त्यांनी जिल्ह्याच्या गावी जाऊन चष्मा बदलला. तरी तेच. पुन्हा बदलला. मास्तरच्या पगारात वर्षात दोन चष्मे. मग आकाशदर्शन हळूहळू बंद झालं. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, शहात्तर वर्षांनी येणारा. मी तेव्हा बोटीवर उमेदवारी करत होतो. मागून कळलं की सरांनी मुलांना तो नुसत्या डोळ्यांनी शोधायला सांगितला आणि स्वतः घरी गेले. त्या खेपेला हॅले तसा फिकाच होता, नुसत्या डोळ्यांना हाती लागणं कठीण. दुर्बीण हवी होती.

बोटीवर पुलावर उभं राहून रोज दुर्बीण वापरायला लागलो तेव्हा मला एक एक कळत गेलं. पहिल्या बोटीवर एक जुनी दुर्बीण होती, तिने पहाऱ्याच्या चौथ्या तासाला डोकं फुटायला लागे. दुसऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं, हिचे रोख गेलेत. रोख जाणं म्हणजे काय, असं मी विचारलं. त्याने समजावलं. ऐकताना माझ्या पोटात जो गोळा आला त्याला बोट लागणं म्हणत नाहीत.

तरी सांगायला १९९४ उजाडलं. सुट्टीवर आलो होतो. सर निवृत्त झाले होते. त्यांच्या पडवीत बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा माफ केलं म्हणतील. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "कुठल्या बाजूचा प्रिझम?"

मी म्हटलं, "उजव्या, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? तपासलं नाहीस?"

मग आम्ही दोघं शाळेत गेलो, मुख्याध्यापकांच्या परवानगीने दुर्बीण घरी आणली, आणि तिथे मी दुसरा गाढवपणा केला. म्हटलं, मीच दुरुस्त करतो. हा भाग नीट ऐका, तुमच्याही घरात आजोबांची एखादी दुर्बीण असेल.

मी दोन्ही बाजू एकदम उघडल्या. चारही प्रिझम काढून वर्तमानपत्रावर ठेवले. पुसले. आणि मग कुठला कुठे होता ते कळेना. त्यांच्या घासलेल्या बाजूवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, बसवणाऱ्या कारागिराने केलेल्या. मी त्या मळ समजून पुसून टाकल्या होत्या! दोन रात्री खपून कसेबसे बसवले. पुढच्या भिंगाभोवती एकात एक अशा दोन कड्या असतात, त्यांचं भोक मुद्दाम किंचित बाजूला काढलेलं. त्या फिरवल्या की भिंग केसभर सरकतं आणि रोख जुळतो. फिरवत फिरवत एकदाचं चित्र एक झालं. मी खूश. सरांच्या हातात दिली. त्यांनी बिजागरी आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढी मिटवली, पाहिलं आणि म्हणाले, "दोन नारळाची झाडं आहेत की एक?"

झाड एकच होतं. मी रोख जुळवला होता तो फक्त माझ्या डोळ्यांच्या अंतराला. माझं अंतर सहासष्ट मिलिमीटर, सरांचं साठ. खरा जुळलेला रोख बिजागरी कितीही उघडमीट केली तरी हलत नाही, कारण दोन्ही नळ्या बिजागरीच्या आसाशी जुळलेल्या असतात. माझ्या दुरुस्तीत त्या एकमेकींशी जुळल्या होत्या, आसाशी नाही. चोरबाजारात 'सर्व्हिस केलेली' म्हणून मिळते ती दुर्बीण बहुधा अशीच असते. घेताना बिजागरी पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून, दोन्ही वेळा पाहा.

१९९६ मध्ये आमची बोट योकोहामाला तीन दिवस लागली. दुर्बीण मी बरोबर ठेवलीच होती. एजंटच्या कचेरीतल्या कारकुनाने चार फोन केले आणि मला इताबाशीचा एक पत्ता लिहून दिला, वर स्वतःही बरोबर आला. पुढे दुकान, मागे घर. सत्तरीचे आजोबा आणि त्यांच्या बायको. आजोबांनी दुर्बीण उलटी केली, आकडा वाचला आणि मान हलवली. मग स्क्रूच्या खाचा बघितल्या. माझ्या हातच्या ओरबाडलेल्या. काही बोलले नाहीत, नुसते माझ्या हातांकडे पाहत राहिले. कारकुनाने भाषांतर करायची गरज पडली नाही.

दिवसभर मी तिथे बसून होतो. बाई भिंगं पुसत होत्या. आधी फुंकायच्या रबरी पिचकारीने धूळ उडवायची. मग उंटाच्या केसांचा मऊ कुंचला. मग कागदावर स्पिरिटचा एक थेंब, भिंगावर नव्हे, कागदावर, आणि मधून कडेकडे एकदाच गोल. कागद फेकायचा. दुसरा घ्यायचा. मी त्या दिवशी मोजले, एका भिंगाला सात कागद. आपण काय करतो? हाऽऽ करतो आणि शर्टाच्या टोकाने पुसतो. भिंगावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ लेप असतो, ट्यूबलाइटखाली धरलं तर निळसर जांभळा दिसतो तो. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातला चार टक्के उजेड परत जातो. हिच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरा. लेप नसेल तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. लेपामुळे तो तोटा निम्म्याहून कमी होतो. जुने लेप आजच्याइतके टणक नाहीत. शर्टाच्या टोकावरची धूळ त्यांना पॉलिश पेपरसारखी लागते. म्हणून खरं तर सर्वांत चांगली सफाई म्हणजे न करणं. दोनचार धुळीचे कण चित्रात कधीच दिसत नाहीत.

आजोबांनी वाळलेलं जुनं ग्रीस खरवडलं, पितळेवर चढून ते हिरवं झालं होतं. प्रिझम बसवले, प्रत्येकाच्या कडेवर नवी पेन्सिलीची खूण केली आणि ती मला बोट दाखवून दाखवली. मग दुर्बीण एका लोखंडी यंत्रावर चढवून बिजागरी उघडत, मिटत, कड्या फिरवत रोख जुळवला. किती पैसे घेतले ते सांगत नाही, चहा आणि तांदळाच्या बिस्किटांचे तरी निघाले असतील की नाही शंका आहे.

मी ती घेऊन गावी आलो तेव्हा सरांना मोतीबिंदू झाला होता. या खेपेला खरोखरच. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. त्यांनी दुर्बीण घेतली, चांगल्या डोळ्याने पाहिलं आणि म्हणाले, "एका डोळ्याला काय, ती मोडकी असतानाही चांगलीच होती. दुसरा झाला की सांगतो." मी बोटीवर परत गेलो.

१९९७ च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसत होता, तुम्हीही पाहिला असेल. मे महिन्यात मला सरांचं कार्ड आलं, कंपनीच्या पत्त्यावरून फिरत फिरत. त्यात पावसाची, आंब्याची चौकशी काही नव्हती. "दोन्ही डोळ्यांनी पाहिला. एकच आहे." एवढंच. खाली सही.

त्यानंतर सरांनी ती सात-आठ वर्षं वापरली आणि मग शाळेला परत केली. सर आज नाहीत. काकू समोर बसल्या आहेत. चष्म्यांच्या पैशांची गोष्ट मला त्यांनीच सांगितली, सरांनी कधीच नाही.

वेळ संपत आलीय, घंटेकडे बघणारे मला दिसतायत. दोनच कामाच्या गोष्टी. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात दुर्बिणीचा खरा वैरी पडणं नव्हे, बुरशी. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि वेळीच काढली नाही तर काच खाते. मूळ चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी दुर्बीण तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात निळ्या सिलिका जेलची पुडी. गुलाबी झाली की तव्यावर गरम करून पुन्हा निळी करायची. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. आपल्या गावचे फोटोवाले कपाटात रात्रंदिवस झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, तेही चालतं. आणि दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून वापरा. बंद डब्यातल्यापेक्षा वापरातली दुर्बीण जास्त टिकते असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट घेताना पाहायची. हातभर अंतरावर धरून उजेडाकडे करा, मागच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसेल. तो गोल हवा. चौकोनी कापल्यासारखा, कडा राखाडी असेल तर प्रिझमची काच हलकी. पुढून टॉर्च मारून मागून आत पाहा, जाळं, धुकं सगळं दिसेल. कानाशी हलवा, काही खुळखुळता कामा नये. आणि स्क्रूच्या खाचा बघा. ओरबाडलेल्या असतील तर माझ्यासारखा एखादा शहाणा आधीच आत जाऊन आलाय.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, जेवणानंतर दुर्बीण व्हरांड्यात ठेवतो. आज चंद्र आहे. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पाहायला हरकत नाही, चाकाने जुळवून घेता येतं. सिलिंड्रिकल नंबर असेल त्यांनी मात्र चष्म्यासकट पाहा. आधी बिजागरी मिटवत आणा, दोन गोल एक होईपर्यंत. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं जुळवा, नंतर डावा मिटून उजव्या बाजूची कडी फिरवा. एकदा जुळलं की कडीला हात नको.

आणि हातात घ्यायच्या आधी पट्टा गळ्यात घाला. लहानांनीच नव्हे, सगळ्यांनी. मी तिथे उभा राहणार आहे.